हंगामात माणसं वाढली की कुठला कायदा लागू होतो? (होमस्टे, खानावळ, काजू, आंबा, मच्छी – छोट्या मालकांसाठी धागा)

सुरंगी

तारकर्ली असो की हर्णै, छोट्या धंद्याचं गणित सारखंच. पावसाळ्यात चार-पाच माणसं, मे महिन्यात पंधरा-अठरा. कामगार कायद्याचा विषय निघाला की मालक उलाढाल सांगायला लागतो. "वर्षाचा वीस लाखांचा धंदा, आपल्याला कसला पीएफ?" कायद्याला उलाढालीचं काही पडलेलं नाही. तो डोकी मोजतो.

ढोबळ हिशेब असा. एक माणूस असला तरी किमान वेतन आणि कामावरच्या अपघाताची भरपाई लागू. पाचपासून महाराष्ट्र कामगार कल्याण निधी. दहापासून ईएसआय (कामगारांचा राज्य विमा), ग्रॅच्युइटी, प्रसूती लाभ आणि लैंगिक छळ प्रतिबंधासाठी अंतर्गत समिती. वीसपासून पीएफ आणि बोनस. विजेवर चालणारा कारखाना असेल तर कारखाना म्हणून नोंदणी वीसला, विजेशिवाय चाळीसला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुने कामगार कायदे एकत्र करून केलेल्या चारही कामगार संहिता लागू झाल्या आहेत. वरचे आकडे बहुतेक तेच राहिले, पण आतले काही नियम बदललेत. जाणकारांनी भर घालावी. माझा मुख्य प्रश्न: हंगामी माणूस मोजायचा की नाही?

हिशेबनीस

मोजायचा. "टेंपररी आहे, मोजत नाही" हे कोकणातलं सगळ्यात महाग पडणारं वाक्य आहे.

१९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरिहरन प्रकरणात अचानक उद्भवलेल्या गरजेपुरती, थोड्या दिवसांसाठी घेतलेली माणसं पीएफच्या मोजणीत धरू नयेत असं म्हटलं. लोक तेवढंच वाचतात. त्याच निकालाचा दुसरा भाग असा की धंद्याच्या नेहमीच्या ओघात घेतलेली माणसं मोजायचीच. वादळात छप्पर उडालं म्हणून तीन दिवस सहा गवंडी लावले, ते मोजणीबाहेर. दर एप्रिल-मेला तीन वाढपी आणि दोन भांडीवाल्या लागतातच, तर तो तुमच्या धंद्याचा नेहमीचा ओघ झाला. "दरवर्षी" म्हटलं की तुम्ही स्वतःच कबुली दिलीत.

आणखी एक. आकडा वर्षाच्या सरासरीचा नसतो. ज्या दिवशी विसावा माणूस हजेरीवर आला त्या दिवसापासून पीएफ लागू, आणि जूनमध्ये पुन्हा सहा माणसं उरली तरी तो सुटत नाही. ईएसआय आणि ग्रॅच्युइटीचंही तसंच.

खाडीपलीकडे

घरची माणसं? बायको गल्ल्यावर, भाचा बुकिंग बघतो.

हिशेबनीस

मालक आणि भागीदार मोजत नाहीत. भाच्याच्या नावावर दरमहा पगार टाकून इन्कम टॅक्समध्ये खर्च दाखवत असाल तर तो कर्मचारी. आयकराला कर्मचारी आणि पीएफला घरचा, असं दोन्हीकडे चालत नाही. तपासणीत सगळ्यात आधी ताळेबंदातलं वेतनाचं खातं आणि हजेरीपट यांचीच तुलना होते.

मुकादमाकडून आलेली माणसंही तुमच्याच मोजणीत येतात. मुकादमाने पीएफ भरला नाही तर वसुली मूळ मालकाकडून. त्याचं बिल देताना त्या महिन्याच्या ईसीआरची (पीएफ भरल्याच्या मासिक विवरणपत्राची) प्रत मागा, त्यात आपल्या माणसांची नावं आहेत का बघा, मगच पैसे सोडा.

सुरंगी

बरेच जण दोन धंदे दोन नावांवर ठेवतात. मालवणात खानावळ नवऱ्याच्या नावावर, तारकर्लीत होमस्टे बायकोच्या.

पाणंद

नाव वेगळं असून भागत नाही. जुन्या पीएफ कायद्याच्या कलम २अ मध्ये शाखा आणि विभाग मिळून एकच आस्थापना, असं स्पष्ट होतं. दोन नावं असली तर अधिकारी एकजिनसीपणा शोधतो: मासळीची खरेदी एकत्र होते का, खानावळीचा आचारी गरज पडली की होमस्टेवर जातो का, पगार एकाच खात्यातून निघतात का, हजेरी एकाच वहीत आहे का. ही उत्तरं "हो" असतील तर १२ आणि ९ मिळून २१ झाले.

खरंच वेगळे धंदे असतील तर ते वागण्यातही वेगळे ठेवा. वेगळी बँक खाती, वेगळी हजेरी, वेगळं जीएसटी, आणि माणसांची देवघेव नाही.

काजूबी

सावंतवाडी-वेंगुर्ला पट्ट्यातल्या काजूवाल्यांचा नेहमीचा प्रश्न. फॅक्टरीत माणसं तेरा. पण गर सोलायला वीस-पंचवीस बाया माल घरी नेतात, किलोवर मजुरी. त्यांना हजेरी नाही, वेळ नाही. त्या कशा मोजणार?

हिशेबनीस

मोजणार. २०१९ चा गोदावरी गारमेंट्सचा निकाल वाचा, तोही महाराष्ट्रातलाच, औरंगाबादचा. बायका कंपनीचं कापड घरी नेऊन नगावर शिवत होत्या. कंपनीचं म्हणणं होतं की त्या घरी काम करतात, आमचा ताबा नाही. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पीएफसाठी कर्मचारी ठरवलं. कच्चा माल कंपनीचा, मजुरीचा दर कंपनीचा, आणि खराब माल परत करण्याचा हक्कही कंपनीचा होता. तुमच्याकडे काजू तुमचा, दर तुमचा, तुकडा जास्त निघाला तर कापून घेणारे तुम्हीच. फरक कुठे आहे?

किलोचा दर ठरवताना एक खबरदारी. साधारण वेगाची बाई आठ तासांत जेवढं सोलते त्याला दराने गुणून त्या दिवसाचं किमान वेतन निघालं पाहिजे. नाही निघालं तर दर कमी आहे. "बायांनीच मान्य केलाय" याला किंमत नाही, किमान वेतनापेक्षा कमीचा करार कायद्यात मुळातच रद्द असतो. किमान वेतनातला विशेष भत्ता १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतो. वर्षातून दोनदा नवा तक्ता काढून भिंतीला लावायची सवय लावा. आपलं गाव कुठल्या परिमंडळात पडतं तेही तक्त्यावर बघा, नगरपरिषदेचा दर आणि बाहेरच्या गावाचा दर वेगळा असू शकतो.

काजूबी

म्हणजे १३ + २२. पीएफ लागला.

हिशेबनीस

लागलाच. काथ्यावाले वाचत असतील तर त्यांच्यासाठी: काथ्या उद्योगाला वर्गणीचा दर १२ ऐवजी १० टक्के आहे. काजूला ती सवलत नाही.

नवखा_मालक

पीएफमध्ये महिन्याला नक्की किती जातात? कुणी आकड्यात सांगेल का. पगार १४,००० धरा.

हिशेबनीस

कामगाराकडून १२ टक्के, म्हणजे १,६८०. मालकाचेही १,६८०, पण त्यांचे दोन भाग होतात: ८.३३ टक्के, म्हणजे १,१६६ पेन्शन योजनेत आणि उरलेले ५१४ पीएफमध्ये. शिवाय विमा योजनेचा अर्धा टक्का, ७० रुपये. प्रशासकीय खर्च अर्धा टक्का, पण संपूर्ण आस्थापनेचा मिळून किमान ५०० रुपये महिना. छोट्यांना हा किमान आकडाच बसतो. ईएसआय असेल तर मालकाचे ३.२५ टक्के म्हणजे ४५५, कामगाराचे ०.७५ टक्के म्हणजे १०५. दोन्हींची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची १५. ईएसआय २१,००० पगारापर्यंत, पीएफ सक्तीचा १५,००० पर्यंत.

ईएसआय पूर्वी अधिसूचित भागांपुरतीच होती, म्हणून आपल्याकडच्या बऱ्याच गावांत ती कुणी बघितलीच नाही. संहितेत ती अट गेली आहे.

आता थकवलं तर काय. उशिरावर वर्षाला १२ टक्के व्याज, वर दरमहा १ टक्का नुकसानी. खरी मेख मात्र पुढे आहे. कामगाराच्या हिश्शाचे १,६८० ज्या महिन्याच्या पगारातून कापायचे त्याच महिन्यात कापता येतात. दोन वर्षांनी अधिकाऱ्याने "तुम्हाला तेव्हापासून पीएफ लागू होता" असा आदेश काढला तर तो मागचा हिस्सा कामगाराकडून मागता येत नाही. दोन्ही हिस्से मालकाच्या खिशातून जातात. मग १२ टक्क्यांचे २४ होतात, वर व्याज आणि नुकसानी. छोटा धंदा बसतो तो इथे, दरमहाच्या वर्गणीने नाही.

पाणंद

मूळ पगार कमी दाखवून भत्ते फुगवायची जुनी युक्तीही गेली, हे जोडून सांगा. फेब्रुवारी २०१९ मध्ये विवेकानंद विद्यामंदिर निकालात सर्वांना सरसकट मिळणारे भत्ते पीएफसाठी पगारातच धरले गेले. आता संहितेत ५० टक्क्यांचा नियम आला: भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असले तर वरची रक्कम वेतनात धरायची. १४,००० मध्ये मूळ ५,००० आणि भत्ते ९,००० असतील, तर ७,००० च्या वरचे २,००० परत वेतनात मिळवायचे. वेतन झालं ७,०००. ग्रॅच्युइटीचा हिशेब या आकड्यावर. किमान वेतनाला तर एवढं पुरणारही नाही, त्यामुळे आपल्या आकाराच्या धंद्यात भत्त्यांचे तुकडे करण्यात अर्थच नाही. सरळ एक आकडा ठेवा.

सुरंगी

होमस्टे-खानावळीत माणसाला जेवण आणि राहणं असतंच. मालक म्हणतो, रोख ९,००० आणि जेवण-राहण्याचे ५,०००.

पाणंद

चालणार नाही. वस्तुरूपात दिलेल्या मोबदल्याचं मूल्य एकूण वेतनाच्या १५ टक्क्यांपर्यंतच वेतनात धरता येतं. १४,००० वर २,१०० झाले. बाकी रोख किंवा बँकेतून. स्वयंपाकघराच्या मागे पत्र्याच्या खोलीत चार जण झोपवून माणशी तीन हजार भाडं लावणं हा तर वेगळाच विषय आहे, त्यावर न लिहिलेलंच बरं.

नवखा_मालक

शॉप अ‍ॅक्टचं लायसन्स काढलंय, म्हणजे हे सगळं झालं ना?

हिशेबनीस

नाही हो. शॉप अ‍ॅक्टची पावती बँकेत चालू खातं उघडायला उपयोगी, बाकी कुठल्याच कायद्यातून ती सोडवत नाही.

शॉप अ‍ॅक्ट म्हणजे २०१७ चा दुकाने-आस्थापना कायदा. त्याने दहापेक्षा कमी कामगार असतील तर नुसती सूचना द्यायची, नमुना 'एफ', धंदा सुरू झाल्यापासून ६० दिवसांत, ऑनलाइन. नोंदणी दहापासून. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ही रेषा वीसवर न्यायचं ठरवलं. पाटी मराठीत हवी, आणि २०२२ च्या दुरुस्तीपासून दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानालाही ते बंधन आहे. इंग्रजी लिहिलंत तर मराठी अक्षरं त्याहून लहान नकोत.

रजांचं थोडक्यात: वर्षाला ८ किरकोळ रजा, तिमाहीला दोन जमा होतात आणि वर्षअखेर जातात. २४० दिवस काम केलं तर दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा, ४५ पर्यंत साठते. सणाच्या ८ सुट्ट्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर ठरलेल्या. उरलेल्या चार मालक-कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी ठरवायच्या.

खाडीपलीकडे

त्या चारांत गणपती आणि शिमगा लिहून टाका. लिहा की न लिहा, माणूस त्या दिवशी येणार नाहीच :)

आडव्या_कलमाचा

आंब्याकडे वळूया. "बाग म्हणजे शेती, पीएफचा काय संबंध" असं सर्रास म्हणतात. फळबागा जुन्या पीएफ कायद्याच्या अधिसूचनेतही होत्या, वीस माणसं झाली की लागू. राखणीचे गडी, फवारणीवाले, काढणीचे, पेटी भरणारे सगळे धरून बघा.

कॅनिंगवाल्यांसाठी ग्रॅच्युइटीची एक तरतूद फार कमी जणांना माहीत असते. हंगामी आस्थापनेत वर्षभर नसलेल्या कामगाराला १५ दिवसांऐवजी हंगामाला ७ दिवसांचं वेतन. महिना १३,००० असेल तर भागिले २६, दिवसाचे ५००, हंगामाला ३,५००. आठ हंगाम केलेल्याला २८,०००. तोच माणूस बारमाही असता तर वर्षाला ७,५०० पडले असते.

हा फरक कागदावर सिद्ध करायचा तर हजेरीपटात हंगाम सुरू आणि बंद झाल्याची तारीख लागते. नसेल तर कामगार बारमाही होता असं म्हणायला जागा राहते. आणि जूनमध्ये त्याच माणसाला ग्रास कटर देऊन बागेत ठेवला, दिवाळीत साफसफाईला बोलावला, तर तो हंगामी राहिलाच नाही.

सुरंगी

बारमाही माणसाची अट पाच वर्षं ना?

आडव्या_कलमाचा

कायमच्याला पाच. मुदतीच्या करारावरच्याला संहितेत एक वर्ष पुरतं. "अकरा महिन्यांचा करार करतो, म्हणजे ग्रॅच्युइटी नको" असा सल्ला लगेच कुणीतरी देईल, म्हणून आधीच लिहितो. दर अकरा महिन्यांनी चार दिवसांची खोटी तूट दाखवून त्याच माणसाला त्याच कामावर घेतलं की न्यायालय ती सलग नोकरीच धरतं. नियमितपणे सहा-सात महिन्यांचा धंदा असेल तरच मुदतीचा करार खरा दिसतो. करारात कामाचं नाव, सुरू-संपण्याची तारीख, वेतन, आठवड्याची सुट्टी, एवढं हवंच. नेमणूक पत्र आता सगळ्यांनाच द्यायचं आहे, एक पान पुरतं. मराठीत लिहा. सही करणाऱ्याला वाचता न येणारं पत्र तुमच्याच अंगाशी येतं.

माणूस सोडून गेला किंवा तुम्ही काढला तर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत. महिनाअखेरपर्यंत थांबवायचा नाही.

तांडेल

मच्छीवाल्यांचं कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. होडीवर माणसं दहा-पंधरा, १ जून ते ३१ जुलै बंदी, आणि खलाशी बरेचसे नेपाळचे. तीन ठिकाणी मालक अडकतो.

पहिलं, उचल. खलाशाने हंगामाआधी चाळीस-पन्नास हजार उचल घेतली आणि मध्येच पळाला, ही मालकांची तक्रार खरी आहे. पण त्यावर उपाय म्हणून नागरिकता कार्ड किंवा आधार अडकवून ठेवणं, "उचल फिटेपर्यंत बंदर सोडायचं नाही" म्हणणं, हे १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यात बसतं. त्यात कर्जही बुडतं आणि तीन वर्षांपर्यंत कैद. नोकरीआधी दिलेली उचल पहिल्या पूर्ण महिन्याच्या पगारातून वळती करायची, आणि एका महिन्यात सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. गावाहून येण्याच्या प्रवासखर्चासाठी दिलेले पैसे तर वसूल करताच येत नाहीत. या तिन्ही गोष्टी एकत्र वाचल्या की कळतं: मोठी उचल देणं हाच तोट्याचा व्यवहार आहे. उचल लहान ठेवा, हंगामाअखेरचा बोनस मोठा ठेवा. खलाशी टिकतो तो बोनससाठी.

दुसरं, वाटा. वाट्यावर जाणारा खलाशी भागीदार की कामगार यावर वाद होतो. होडी, जाळं, डिझेल, बर्फ मालकाचं आणि हुकूमही मालकाचा, तर भागीदारी सिद्ध करणं कठीण. दर फेरीचा वाटा वहीत लिहून सही घ्या. अपघात झाला तर वेतन किती होतं हे त्याच वहीतून ठरतं.

तिसरं, अपघात. मृत्यू झाला तर महिन्याच्या वेतनाच्या निम्मे गुणिले वयाचा गुणक. वेतन जास्तीत जास्त १५,००० धरतात. वय ३५ असेल तर गुणक १९७.०६, म्हणजे ७,५०० × १९७.०६ = १४,७७,९५० रुपये. महिन्याच्या आत जमा नाही केले तर १२ टक्के व्याज, शिवाय निम्म्यापर्यंत दंड.

खाडीपलीकडे

मत्स्यसंपदा योजनेचा पाच लाखांचा विमा असतो ना खलाशांना?

तांडेल

असतो, मृत्यू किंवा पूर्ण कायमचं अपंगत्व आलं तर. पण तो मच्छीमाराचा विमा आहे, मालकाची जबाबदारी त्याने फिटत नाही. त्यासाठी कामगार भरपाईची वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. घेताना तीन गोष्टी बघा: होडीवरच्या माणसांची संख्या खरी लिहिली का, समुद्रातलं काम त्यात आहे की फक्त जेटीवरचं, आणि वेतन कमी तर लिहिलं नाही ना. एजंट हप्ता कमी करायला दहाच्या जागी सहा माणसं लिहितो. मग सातव्याचं कोण बघणार? दंडाची रक्कम विमा कंपनी देत नाही, ती मालकाचीच.

नवखा_मालक

नेपाळी माणसाचा पीएफ कसा काढणार? आधार नाही.

हिशेबनीस

नेपाळ-भूतानचे नागरिक पीएफमध्ये भारतीय कामगारांप्रमाणेच धरतात, नेपाळी १९५० च्या आणि भूतानी २००७ च्या मैत्री करारामुळे. परदेशी कामगाराचे नियम त्यांना नाहीत. ऑगस्ट २०२५ पासून नवा यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) सरकारी उमंग अ‍ॅपवर चेहरा दाखवून काढावा लागतो, पण नेपाळी-भूतानी त्यातून वगळलेत. मालक पोर्टलवरून काढू शकतो. नाव नागरिकता कार्डावर आहे तसंच, अक्षर न बदलता टाका. "थापा"चं "ठापा" झालं की पैसे काढताना वर्ष जातं.

हंगामी सगळ्यांसाठीच: जूनमध्ये माणूस गेला की पोर्टलवर त्याची नोकरी सोडल्याची तारीख टाका, आणि ऑक्टोबरमध्ये तोच आला तर जुन्याच यूएएनवर घ्या. नवा काढलात तर एकाच्या नावावर तीन-तीन खाती होतात आणि दर दिवाळीला तो तुमच्या दारात उभा.

सुरंगी

अंतर्गत समितीचं राहिलं. दहा माणसं, त्यात दोनच बायका. समिती कशी करायची?

पाणंद

किमान चार सदस्य. अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी, दोन कर्मचारी सदस्य, आणि एक बाहेरची, महिला हक्कांचं काम करणारी किंवा विषयाची जाण असलेली व्यक्ती. एकूण निम्म्या महिला हव्यात. तुमच्याकडे दोघी असतील तर एक अध्यक्ष, दुसरी सदस्य, तिसरा पुरुष कर्मचारी, चौथी बाहेरची. मुदत तीन वर्षं. मालकाने समितीत बसू नये, कारण मालकाविरुद्धची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. दहापेक्षा कमी माणसं असतील तर सगळ्याच तक्रारी तिकडे. समिती नसेल तर ५०,००० दंड. हंगामात दहावर जाणाऱ्यांनी एप्रिलची वाट न बघता आधीच करावी.

काजूबी

व्यवसाय कर आणि कल्याण निधी पण सांगून टाका, म्हणजे धागा जपून ठेवता येईल.

हिशेबनीस

व्यवसाय कर: धंद्याचा स्वतःचा वर्षाला २,५००, त्याची नोंदणी वेगळी. कामगारांचा कापून भरायची नोंदणी वेगळी. पुरुषाला ७,५०० पर्यंत काही नाही, १०,००० पर्यंत १७५, त्यापुढे महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००. बायकांना २५,००० पर्यंत माफ आहे. काजू फॅक्टऱ्यांत बायकांचे २०० कापलेले दिसतात, ते परत करा.

कल्याण निधी: पाच माणसांपासून, जून आणि डिसेंबरच्या पगारातून. मार्च २०२४ पासून कामगाराचे २५, मालकाचे ७५. भरायची तारीख १५ जुलै आणि १५ जानेवारी. जूनमध्ये होमस्टे बंद असला तरी ३० जूनला पटावर जेवढी माणसं आहेत तेवढ्यांचे भरायचे.

नवखा_मालक

मोजलं. मे महिन्यात आमची १७ होतात, आणि मागच्या बाजूला ज्यूसचा गाडा आहे, त्यावर तिघं. गाडा भावाच्या नावावर आहे.

हिशेबनीस

गाड्याला बर्फ आणि साखर कुठून जाते?